भिंतीवरचा नवा रंग

बारा वर्षांपूर्वी आम्ही कराडात जुना फ्लॅट घेतला, तो मे महिन्यात. मैत्रिणींनो, महिना लक्षात ठेवा! घर कसं अगदी चकचकीत होतं. भिंतींना नुकताच फिका पिस्ता रंग दिलेला. एजंट म्हणाला, ‘वहिनी, हात फिरवून बघा. सामान आणायचं आणि राहायला यायचं.’ मी हात फिरवलाही. रंगाचा वास अजून गेला नव्हता, पण हा रंग आत्ताच का दिला असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

जून संपता संपता बेडरूमच्या कोपऱ्यात ओला डाग दिसला. जुलैत पोपडे पडायला लागले. शेजारच्या काकू सहज म्हणाल्या, ‘तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? वरच्या बाथरूमचं पाणी खाली झिरपतं. आधीच्या मालकांचं आणि वरच्यांचं त्यावरून बोलणंच बंद होतं.’ म्हणजे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं, नव्हतं ते फक्त पैसे मोजणाऱ्याला! एजंटला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, ‘तुम्ही विचारलं नाहीत, वहिनी.’

ते वाक्य मला अजून बोचतं. ह्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातली रक्कम आणि माझ्या पाटल्या मोडून आलेले पैसे त्या घरात गेले होते.

ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी सांगितलं ते ऐकून मी चाटच पडले. आपल्याकडे १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे घरातला किंवा मालकी हक्कातला मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही कळण्यासारखा नसेल, तर तो सांगणं विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. न सांगणं ही लबाडीच धरली जाते. ‘मग आपली बाजू भक्कम आहे की!’ मी म्हटलं. वकील हसले. ‘त्यांना माहीत होतं हे सिद्ध कसं करणार? तुमच्याकडे लेखी काय आहे?’ काहीच नव्हतं. शिवाय जो दोष डोळ्यांना दिसत होता, त्याबद्दल मागाहून तक्रार करता येत नाही. भिंतीला गेलेला तडा आपणच बघायचा असतो. आम्ही गप्प बसलो आणि दुरुस्तीचे पैसे भरले.

दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी नणंद साताऱ्यात घर शोधू लागली. ती शाळेत शिक्षिका आहे आणि एकटी राहते. घरमालकांनी एप्रिलअखेर जागा मागितली होती. ती म्हणाली, ‘वहिनी, या वेळी तू चल बरोबर.’ मी गेले, पण आधी एका कागदावर प्रश्न लिहून घेतले.

पहिली पारख एजंटची. त्याला सरळ विचारलं, ‘दलाली कुणाकडून घेणार? आमच्याकडून, मालकाकडून की दोघांकडून? किती टक्के?’ दोन्हीकडून घेण्यात गैर काही नाही, पण ते आधी सांगायला हवं. मालकाचा नातेवाईक किंवा भागीदार असेल तर तेही कळायला हवं. मग विचारलं, ‘महारेराची नोंदणी आहे?’ २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटला ही नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. एजंटचा नोंदणी क्रमांक ‘ए’ अक्षरानं सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’नं. तो महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येतो. जुन्या घराच्या फेरविक्रीला ही सक्ती नाही, तरी ज्याच्याकडे नोंदणी आहे त्याची निदान कुठेतरी नोंद असते.

नवीन घर घेणाऱ्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरनं तो फुकट दुरुस्त करून द्यायचा, असं रेरात आहे. मात्र ५०० चौरस मीटरच्या आतल्या जागेवरच्या किंवा आठपेक्षा जास्त सदनिका नसलेल्या प्रकल्पांना या नोंदणीतून सूट आहे, आणि आपल्या गावांत अशाच छोट्या बिल्डिंगा जास्त! तेव्हा नोंदणी आहे का, हे आधी बघा.

आता माझ्या कागदावरचे प्रश्न सांगते:

* पावसाळ्यात कुठे गळतं, ओल येते का? रंग कधी दिला आणि का दिला?
* वरच्यांशी, शेजाऱ्यांशी किंवा सोसायटीशी काही वाद आहे का? कोर्टात काही चालू आहे का?
* घरावर कर्ज आहे का? बँकेचा बोजा उतरवल्याचा कागद कुठे आहे?
* घरपट्टी, वीजबिल, सोसायटीची वर्गणी थकली आहे का?
* बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का? नंतर खोली किंवा गॅलरी वाढवली का?
* बहीण, भाऊ, कुणाचा वारस हक्क राहिला आहे का?

ही सगळी उत्तरं लेखी घ्यायची आणि विसार देण्याआधी मालकाची सही घ्यायची. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार आणि आधीची खरेदीखतं वकिलाला दाखवून निदान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढायचा. तो वकील आपण निवडलेला हवा, एजंटनं दिलेला नको.

पहिलं घर नणंदेच्या मनात भरलं होतं. शाळा तिथून पाच मिनिटांवर. पण मी कागद पुढे केला तसा एजंटचा चेहरा बदलला. ‘ताई, इतका अविश्वास असेल तर व्यवहार कसा होणार? दुसरी पार्टी टोकन घेऊन बसलीय.’ मालकांनी सही केली नाही. आम्ही उठलो. बाहेर येऊन नणंद रडवेली झाली, ‘तुझ्या प्रश्नांनी घर गेलं हातचं!’ खरं सांगते, त्या रात्री मलाही झोप लागली नाही. एप्रिल संपला, तिचं सामान आमच्याकडे आलं आणि ती रोज कराडहून एसटीनं शाळेत जाऊ लागली. मला फार अपराधी वाटायचं.

जुलैमध्ये दुसऱ्या एजंटनं एक बैठं घर दाखवलं. भर पावसात! मालक निवृत्त गृहस्थ. मी कागद काढला, त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला. म्हणाले, ‘मागच्या खोलीत ओल येते, या, दाखवतो. गच्चीला वॉटरप्रूफिंग करायला झालंय. भावाची वारस नोंद राहिली होती, ती मागच्या वर्षी झाली, हा फेरफार.’ आणि खाली सही केली. आम्ही गवंड्याकडून गच्चीच्या कामाचा अंदाज घेतला, तेवढी रक्कम त्यांनी किमतीतून कमी केली.

खरेदीखत फक्त नणंदेच्या नावावर झालं. बाईच्या नावे राहतं घर घेतलं तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. दुय्यम निबंधक कार्यालयातून बाहेर येताना ती मालकीणबाईंच्या तोऱ्यात चालत होती!

या पावसाळ्यात तिचा फोन आला, ‘वहिनी, धो धो पाऊस पडतोय आणि मागची भिंत खडखडीत कोरडी!’

माझ्या बेडरूममधला डाग मात्र अजून अधूनमधून डोकं वर काढतो. ह्यांचं म्हणणं, पुढेमागे फ्लॅट विकायचा झाला तर आधी रंग काढून घेऊ. मी म्हटलं, रंग खुशाल काढा. पण घर बघायला येईल त्या बाईला तो कोपरा मी स्वतः दाखवणार, तिनं विचारायच्या आधी.