शेवटी पोचणाऱ्या मुलीची नाडी

१९६२च्या सुमारास अमेरिकेतल्या शाळाशाळांना एक ग्रामोफोन तबकडी पाठवण्यात आली. तिच्यावर 'चिकन फॅट' नावाचं सहा मिनिटांहून लांब गाणं होतं. 'द म्युझिक मॅन' हे गाजलेलं संगीतनाटक लिहिणाऱ्या मेरेडिथ विल्सन यांनी ते रचलं होतं आणि त्याच नाटकाचे नायक रॉबर्ट प्रेस्टन यांनी गायलं होतं. बाईंनी तबकडी लावायची आणि गाण्यात जे जे सांगितलं जाईल ते मुलांनी तालावर करायचं: जोर, उठाबशा, जागच्या जागी धावणं. केनेडी सरकारच्या तंदुरुस्तीच्या मोहिमेचा हा भाग होता. जपाननं रेडिओवरची कवायत त्याच्या कितीतरी आधी, १९२८ मध्ये सुरू केली होती. पण ती लहानथोर साऱ्या देशासाठी होती. खास शाळेतल्या मुलांसाठी, सरकारनं मनावर घेऊन पाठवलेलं यंत्र म्हणून, शाळेतल्या व्यायामाच्या साधनांचा मागोवा मी या तबकडीपासून घेते.

ती पाठवावी का लागली? डॉ. हान्स क्राउस आणि बॉनी प्रूडन यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलांच्या सहा सोप्या चाचण्या घेतल्या होत्या. गुडघे न वाकवता जमिनीला हात लागतात का, निजल्या जागेवरून उठून बसता येतं का, अशा. युरोपातली ८.७ टक्के मुलं यातल्या निदान एका चाचणीत नापास झाली. अमेरिकेतली ५७.९ टक्के झाली. शीतयुद्धाचे दिवस होते. १९५५ मध्ये हे आकडे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापुढे गेले आणि पुढच्याच वर्षी मुलांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्रीय परिषद उभी राहिली. मुलांची शरीरं एकाएकी देशाच्या संरक्षणाचा प्रश्न झाली.

तेव्हापासून व्यायामाच्या तासाला जी जी साधनं आली, त्यांतली बहुतेक दोनच गोष्टी घेऊन आली: ताल किंवा आकडा. ताल मुलांना हलवतो. आकडा मोठ्यांना काहीतरी सांगतो. या दोहोंचा सत्तर वर्षांचा प्रवास तपासताना मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. जे मूल सगळ्यांत शेवटी पोचतं, त्याचं या साधनानं काय केलं?

सुरुवातीला तरी वाईटच केलं. १९६६ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या नावानं तंदुरुस्तीचं पारितोषिक सुरू झालं. ते मिळवायचं तर प्रत्येक चाचणीत देशातल्या ८५ टक्के मुलांच्या वर असावं लागे. शिक्षकाच्या हाती स्टॉपवॉच आणि छापील तक्ता. वरच्या पंधरा टक्क्यांत बसणाऱ्यांना बिल्ला मिळे. एक मैल धावताना सर्वांत मागे राहिलेल्या मुलीला काय मिळत असेल? सगळा वर्ग धाव संपवून बसलेला, आणि ती एकटी अजून मैदानात. अमेरिकेत त्या पिढीतली माणसं अजूनही ही चाचणी आठवली की आडव्या दांडीवर स्वतःला वर ओढता न आल्याची, सगळ्यांदेखत लोंबकळत राहिल्याची आठवण सांगतात.

१९८२ साली तीन ठिकाणी तीन गोष्टी घडल्या. डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटनं 'फिटनेसग्राम' आणलं. मुलाच्या चाचण्यांचे आकडे संगणकात घालायचे आणि छापून आलेलं प्रगतिपत्रक घरी पाठवायचं. त्याचा खरा गुण काही वर्षांनी दिसला. इतर मुलांशी तुलना सोडून, आरोग्यासाठी एवढं पुरे, अशी प्रत्येक वयाची मर्यादा त्यांनी ठरवली. म्हणजे एका वर्गातली सगळी मुलंही उत्तीर्ण होऊ शकत होती.

त्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या ल्यूक लेजे यांची वीस मीटरची धाव प्रसिद्ध झाली. दोन रेघा आखायच्या, मध्ये वीस मीटर अंतर. कॅसेटमधून 'बीप' वाजेल तोवर पलीकडची रेघ गाठायची आणि दर मिनिटाला बीप थोडे लवकर वाजत जाणार. फिटनेसग्रामनं पुढे तिचं आपलं रूप केलं आणि लहान मुलांसाठी अंतर पंधरा मीटरवर आणलं. या साध्या कॅसेटनं एक मोठा फरक केला. मैलाच्या धावेत हळू मूल शेवटी उरतं आणि सगळे त्याच्याकडे बघतात. इथे ते लवकर थांबतं, बाजूला बसतं आणि शेवटी धावत राहतात ती दमदार मुलं. लाज पूर्ण गेली नाही. पहिल्यांदा थांबणाऱ्यालाही ती वाटतेच. पण भर मैदानात एकटं पडणं तरी टळलं.

तिसरी गोष्ट फिनलंडमधली. केंपेले या गावातल्या पोलर कंपनीनं छातीला पट्टा आणि मनगटाला घड्याळ असा बिनतारी हृदयगतिमापक बाजारात आणला. तो खेळाडूंसाठी होता, बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला. तो शाळेत कसा गेला, ही या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी हकिगत आहे.

शिकागोजवळच्या नेपरव्हिल इथल्या मॅडिसन शाळेत फिल लॉलर हे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. १९९०च्या दशकात त्यांनी असा एक मापक आणला आणि मैलाच्या धावेला सहावीतल्या एका मुलीला बांधला. मुलगी बारीक होती, पण खेळात गती अजिबात नव्हती. कुठल्याही शिक्षकानं लांबून पाहून हिला ओरडाच दिला असता, की जरा अंग हलव. धाव संपल्यावर लॉलरनी आकडे उतरवून घेतले. तिच्या हृदयाची सरासरी गती मिनिटाला १८७ होती. शेवटची रेघ ओलांडताना ती २०७ वर गेली होती. अकरा वर्षांच्या मुलाची कमाल गती ढोबळमानानं २०९ धरतात. म्हणजे ती मुलगी जिवाच्या आकांतानं धावत होती. वर्गात तिच्याहून जास्त मेहनत कदाचित कोणीच केली नसेल आणि स्टॉपवॉचनं मात्र तिला आळशी ठरवलं असतं.

लॉलर मागे वळून पाहू लागले, की आपण आजवर किती मुलांवर असा अन्याय केला असेल. त्या शाळेत मग गुण देण्याची रीत बदलली. किती वेळात धावलास यापेक्षा तुझं हृदय ठरलेल्या टप्प्यात किती वेळ राहिलं, याला किंमत आली. जॉन रेटी यांच्या २००८च्या 'स्पार्क' या पुस्तकानं नेपरव्हिलचं नाव जगभर नेलं. १९९९च्या 'टिम्स' या आंतरराष्ट्रीय परीक्षेत तिथली आठवीची मुलं विज्ञानात पहिली आणि गणितात सहावी आली, हेही त्याला जोडून सांगितलं जातं. यात मला घाई दिसते. ते सुखवस्तू उपनगर आहे, तिथल्या शाळांकडे पैसा आहे, घरात पुस्तकं आहेत. ते सगळं श्रेय धावण्याला देता येत नाही. पण त्या मुलीच्या १८७ या आकड्याला कुठल्याही परीक्षेच्या आधाराची गरज नाही. तो आकडा शिक्षकाच्या डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते दाखवत होता, आणि यंत्र शाळेत आणायचं ते एवढ्याचसाठी.

पुढची काही वर्षं भराभर गेली. जपानी 'कोनामी'चा नाचाचा व्हिडिओ गेम १९९८ मध्ये आला. पडद्यावर बाण दिसतील तशी पायाखालच्या चौकटींवर पावलं टाकायची. २००६ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यानं तो आपल्या सर्व ७६५ सरकारी शाळांत नेण्याचं जाहीर केलं. चेंडू झेलता न येणारी, संघ निवडताना शेवटी उरणारी मुलं त्यात रमली, ही त्याची जमेची बाजू. पण एका पॅडवर एकच मूल नाचतं आणि बाकीचे रांगेत उभे राहतात. तासाचा निम्मा वेळ तरी मुलांची दमदार हालचाल व्हावी, अशी या क्षेत्रातली जुनी अपेक्षा आहे. रांगेतल्या मुलांकडून ती कशी पुरी व्हायची? पावलं मोजणारे पेडोमीटरही याच काळात शाळांत आले. ते स्वस्त होते, आकडा मुलाला स्वतःला दिसायचा आणि तो खाजगी राहायचा. मुलं हातात धरून ते हलवत आणि पावलं वाढवत. शिक्षकांनी नियम केला, की हलवणाऱ्याचं यंत्र काढून घेतलं जाईल.

आकडा मुलाच्या हातून निसटून कागदावर गेला की काय होतं, हे बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणाऱ्या आकड्याच्या, निमित्तानं कळलं. २००३ मध्ये आर्कान्सॉ राज्यानं कायदा करून शाळेत मुलांची उंची-वजनं घेतली आणि लठ्ठपणाचा अहवाल पालकांना पाठवायला सुरुवात केली. इतर राज्यांनी अनुकरण केलं. याचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी कॅलिफोर्नियातल्या ७९ शाळांत २०१४ ते २०१७ या काळात मोठा प्रयोग झाला. तिसरीपासूनची हजारो मुलं त्यात होती. घरी अहवाल गेल्यानं मुलांच्या वजनात काहीही फरक पडला नाही. उलट शाळेत वजन घेतल्यानं आपल्या शरीराबद्दलची नाराजी वाढू शकते, अशी चिन्हं दिसली. नऊ वर्षांच्या मुलीला वजनकाट्यावर उभं करून मोठ्यानं आकडा सांगणं कुणालाही निरोगी करत नाही, हे कळायला एवढी वर्षं लागली याचं मला वाईट वाटतं.

मग २०२०चा मार्च आला आणि मैदानंच बंद झाली. ब्रिटनमध्ये जो विक्स या व्यायामशिक्षकानं २३ मार्चपासून रोज सकाळी घरातून यूट्यूबवर मुलांचा तास घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर एकाच वेळी ९,५५,१८५ ठिकाणी लोक जोडलेले होते. तो जागतिक विक्रम ठरला. महाराष्ट्रात २० जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शाळकरी मुलांसाठीची मालिका सुरू झाली. ज्या घरात फोन नाही तिथेही टीव्ही असू शकतो, हा विचार शहाणपणाचा होता. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या त्या वर्षीच्या पाहणीत देशातल्या ग्रामीण शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण फोन असला तरी तो सकाळी बाबांबरोबर कामावर जातो. आणि दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं असताना उड्या कुठे मारायच्या? पडदा जागा देत नाही. मैदान बंद झाल्यावर मैदानाची किंमत जेवढी कळली, तेवढी त्याआधी कधी कळली नव्हती.

आपल्याकडे तालासाठी यंत्राची वाट कधी पाहावी लागली नाही. हलगी वाजली की लेझीम सुरू होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची संस्था इथली आहे, मल्लखांब इथला आहे. यंत्रानं आपल्या प्राथमिक शाळेच्या मैदानावर खरं पाऊल टाकलं ते आकड्याच्या रूपात, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झालेल्या 'खेलो इंडिया' ॲपमुळे. पाच ते अठरा वर्षांच्या मुलांच्या चाचण्या घ्यायच्या आणि नोंदी फोनवर भरायच्या. पहिली ते तिसरीला तीनच चाचण्या: बीएमआय, एका पायावर तोल आणि हाताची चपळाई. चौथीपासून ५० मीटर आणि ६०० मीटर धाव, लवचीकता, पोटाचे व्यायाम, जोर.

यातली लहान मुलांची निवड मला आवडते. तोलाच्या चाचणीत पन्नास सेंटिमीटर लांब, तीन सेंटिमीटर रुंद पट्टीवर एका पायावर उभं राहायचं आणि मिनिटभरात किती वेळा तोल गेला ते मोजायचं. चपळाईच्या चाचणीत टेबलावरच्या दोन चकत्यांना एका हातानं आलटून पालटून पंचवीस फेऱ्या शिवायचं. चाचण्या युरोपातून आलेल्या आहेत, पण लंगडी खेळलेल्या मुलाला पहिली परकी वाटत नाही. खर्चही जवळपास नाही.

अडचण पुढे आहे. जिल्हा परिषदेच्या पहिली ते पाचवीच्या शाळेत शारीरिक शिक्षणाचा वेगळा शिक्षक नसतो. शिक्षणहक्क कायद्यानं अंशकालीन निदेशक दिले ते सहावी ते आठवीसाठी, आणि तेही पट शंभराहून जास्त असेल तर. द्विशिक्षकी शाळेतल्या बाई एकाहून जास्त इयत्ता सांभाळतात, पोषण आहाराचा हिशेब ठेवतात, आणि त्यांच्याच फोनवर ही माहितीही भरायची असते. मग चाचण्या कशा होतात? शेवटची तारीख जवळ आली की दोन दिवसांत. मुलं ओळीनं उभी, एकजण आकडे सांगतो, दुसरा टिपतो, माहिती वर जाते. शिक्षकांशी बोलताना मी हेच वारंवार ऐकलं. त्या मुलांच्या पुढच्या आठवड्याच्या खेळाच्या तासात या आकड्यांमुळे काही बदललं का, हा प्रश्न विचारायलाही त्यांना कुणी उसंत देत नाही. लॉलरना एका मुलीचा एक आकडा पुरला होता. कारण तो पाहणारा माणूस आणि तिला शिकवणारा माणूस एकच होता.

जुनं सगळं मागे पडलं असंही नाही. ३१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून, २०१२-१३ मध्ये बंद झालेली ती जुनी राष्ट्राध्यक्षीय चाचणी पुन्हा सुरू करायचं ठरवलं. म्हणजे अव्वल मुलांचा बिल्ला परत येऊ शकतो. आपल्या शाळांनी त्या वाटेनं जाऊ नये असं मला कळकळीनं वाटतं. वजन घ्यायचं तर वर्गाच्या दाराआड घ्यावं आणि आकडा मोठ्यानं उच्चारू नये. धावेची वेळ मुलाला त्याच्या गेल्या वर्षीच्या वेळेशेजारी दाखवावी, शेजारच्या मुलाच्या नव्हे. फोन हातात आहेच तर उंच उडीचं संथ गतीतलं चित्रण करून, पाय कुठे अडकतोय ते त्या मुलालाच दाखवावं. हे सगळं आजच्या साध्या फोनवर होतं.

आणि नाडीसाठी फिनलंडचा पट्टाही लागत नाही. धाव संपताच मानेवर दोन बोटं ठेवायची, बाईंनी फोनवर पंधरा सेकंद लावायचे, ठोके मोजायचे आणि चारनं गुणायचं. चौथीतल्या मुलांना चारचा पाढा पाठ असतो. मोजणी थोडी चुकते, पण दर आठवड्याला केली की हात बसतो. वहीच्या एका पानावर कोण कितवं पोचलं ते लिहावं आणि समोरच्या पानावर कुणाची नाडी किती होती ते. ही दोन पानं पडताळली, की उद्या कुणाला शाबासकी द्यायची आणि कुणाला आणखी थोडं पळायला सांगायचं, ते बाईंना त्याच तासाला कळतं.