दीड मीटरची साइडपट्टी, अडीच मीटरचा ट्रक

बारा चाकी ट्रक साधारण अडीच मीटर रुंद असतो. आपल्याकडच्या बऱ्याच दोनपदरी रस्त्यांना डांबरी साइडपट्टी मिळालीच तर दीड मीटरची मिळते, पुढे नुसता मुरूम. टायर फुटल्यावर ड्रायव्हरने गाडी कितीही कडेला दाबली तरी तिचा मीटरभर भाग रस्त्यातच राहतो. मग मुरमात का उतरवत नाहीत? २०१८ मध्ये बारा चाकी गाडीची वजनमर्यादा ३१ टनांवरून ३६ टन झाली. एवढं ओझं पावसाने भिजलेल्या कडेवर गेलं की कड खचते. एसटीचा कंडक्टर खिडकीतून ओरडतो, "भाऊ, गाडी जराशी खाली घ्या ना!" खालून उत्तर येतं, "खाली घेतली तं पलटी होईल ना भाऊ!" खरं तर दोघांचंही बरोबर असतं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्ली ते एटापल्ली या तीसेक किलोमीटरच्या जंगलरस्त्यावर हा पेच जास्त जाणवतो, तो सुरजागडच्या लोहखनिजामुळे. खाणीचा परवाना २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेला. माल बाहेर काढायचा तर ट्रक हवेत, आणि ट्रक म्हटलं की ते बंद पडणारच. कमानपाटा तुटतो, हवेची नळी फुटते, क्लच बसतो. गाडी कुठे बंद पडावी हे ड्रायव्हरच्या हातात नसतं. वळण, नाल्यावरचा पूल, गावाचा थांबा, कुठेही पडते.

अशा वेळी जे उभं राहतं ते कुठल्याही नकाशात नसतं. किन्नर, म्हणजे ट्रकचा क्लीनर, आधी चाकामागे दगड लावतो. मग कोयता घेऊन झाडीत शिरतो आणि दोन-तीन हिरव्या फांद्या आणून गाडीच्या मागे तीस-चाळीस पावलांवर टाकतो. परावर्तक त्रिकोण कॅबिनमध्ये असतोच असं नाही, असला तरी सीटखाली गेलेला असतो. फांदी मात्र सगळ्यांना कळते: पुढे गाडी बंद आहे, हळू या. सागाचं पान मोठं, हेडलाइटमध्ये लांबून दिसतं. पण फेब्रुवारीनंतर साग झडतो आणि नुसती काडी रात्री काहीच सांगत नाही. मग पानं टिकून असलेल्या दुसऱ्या झाडाकडे वळावं लागतं. मोहाच्या फांदीला हात लावायचा नाही, हे बाहेरच्या ड्रायव्हरलाही इथे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगतं. पुढे जॅक. ओल्या मुरमात तो चाक उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो, म्हणून त्याच्याखाली लाकडी फळी द्यावी लागते. गाडी चालू झाली की मंडळी निघून जातात आणि दगड तिथेच राहतात. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्याला ते दिसत नाहीत. या पद्धतीतला हा सगळ्यात वाईट भाग.

मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ धोकादायक ठिकाणी वाहन उभं करायला मनाई करतं. कलम १२७ म्हणतं, दहा तास बेवारस पडलेलं वाहन ओढून नेता येईल. पण सुरक्षित ठिकाण आधी कुणी बांधलेलं असेल, तरच धोकादायक ठिकाण टाळता येतं. जानेवारी २०१९ मध्ये याच रस्त्यावर गुरुपल्लीजवळ ट्रक आणि एसटी बसची धडक झाली, माणसं दगावली, आणि चिडलेल्या लोकांनी ट्रक पेटवून दिले. ती बंद गाडीची गोष्ट नव्हे. पण अरुंद रस्त्यावर चुकवायला जागा नसली की काय होतं, ते या भागाने तेव्हा पाहिलं.

जागा भरपूर असली तरी प्रश्न मिटतोच असं नाही. समृद्धी महामार्ग घ्या: ७०१ किलोमीटर, सहा पदर. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ प्रवाशांची मिनीबस थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. ट्रक परिवहन खात्याच्या लोकांनीच थांबवल्याचा आरोप झाला, दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. ब्रिटनने उलटा प्रयोग केला. २००६ पासून एम-४२ या मोटारवेवर गर्दीच्या वेळी कडेची पट्टी वाहतुकीला खुली केली. पुढे काही मोटारवेंवर ती कायमचीच पदरात घेतली आणि ठरावीक अंतरावर नारिंगी रंगाचे, फोन बसवलेले थांबे दिले. त्या थांब्यापर्यंत गाडी पोचलीच नाही तर काय, यावर इतकं रान उठलं की २०२३ मध्ये असे नवे रस्ते बांधणं सरकारने रद्द केलं. म्हणजे थांब्याचं अंतर हा सोयीचा भाग नाही, रस्त्याच्या मोजमापातलाच तो एक आकडा आहे.

२२ जुलै २०२५ रोजी हेडरी ते कोनसरी या ८५ किलोमीटरच्या पाइपलाइनचं उद्घाटन झालं. सुरजागडचं खनिज दळून, पाण्यात कालवून नळीतून पाठवायचं. त्याने ट्रक कमी होतील, हे चांगलंच. पण एसटी, तेंदूपत्त्याचे ट्रक, किराण्याचे टेम्पो आणि रुग्णवाहिका रस्त्यावरच राहणार, आणि त्यांचीही चाकं फुटणार.

रुंदीकरण म्हटलं की इथे पहिला प्रश्न वनजमिनीचा. १९८० च्या वनसंरक्षण कायद्याची परवानगी रस्त्याच्या हद्दीबाहेरच्या पट्टीलाही लागते, आणि लागावीच. म्हणून मला सगळा रस्ता रुंद करण्यापेक्षा आहेत त्याच जागा नीट करणं जास्त शहाणपणाचं वाटतं. गावागावांत बसथांब्यापाशी कड आधीच थोडी रुंद असते. तीच ट्रकच्या लांबीएवढी वाढवायची, खाली खडीचा थर द्यायचा, पाणी वाहून जायला चर काढायचा, दोन्ही टोकांना परावर्तक खांब उभे करायचे. अशा जागांवर नवी झाडं फारशी पडणार नाहीत. पोलीस चौकी किंवा दवाखाना जवळ असेल तिथे आधी. मात्र तिथे महिन्याभरात चहाची टपरी येईल, टपरीपुढे चार मोटारसायकली लागतील आणि बंद पडलेला ट्रक परत रस्त्यावरच उभा राहील. थांबा बांधायला ठेकेदार मिळतो. तो मोकळा ठेवायची जबाबदारी ग्रामपंचायतीची, बांधकाम खात्याची की पोलिसांची, हे मात्र कामाच्या आदेशातच लिहून घ्यावं लागेल.