सभामंडपाचा स्लॅब टिकावा म्हणून

पांढुर्णा-सौंसर परिसरातील सर्व भाविकांस सविनय निवेदन.

काँक्रीटच्या क्षारधर्मामुळे आतील सळई सुरक्षित राहते. मात्र हवा व ओलावा आत शिरल्यास सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. पणजीचा १९७० चा मांडवी पूल आतील पोलादाच्या गंजामुळे १९८६ मध्ये कोसळला. आपल्याकडे खारी हवा नसली तरी पाऊस आहेच. म्हणून आयएस ४५६:२००० नुसार पावसात भिजणाऱ्या काँक्रीटमध्ये सळईवर किमान ३० मिलिमीटर आच्छादन, सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यास जास्तीत जास्त २५ लिटर पाणी आणि उन्हाळ्यात स्लॅब किमान १० दिवस ओला ठेवणे आवश्यक आहे.

हनुमान जयंतीपूर्वी मंडप खुला व्हावा, ही भाविकांची इच्छा आम्ही जाणतो. तथापि हे दहा दिवस आम्ही कमी करणार नाही.

– सचिव