फ्यूज उडणे हे लक्षण, आजार नव्हे

दिवाळीची साफसफाई निघाली, की दिंडोरीतल्या एखाद्या जुन्या घरात माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ खाली येतो. हौसेने प्लग लावला जातो आणि फ्यूज उडतो. मग कोणीतरी जाड तार घालतो. कारण न शोधता ताप दाबावा, तसेच हे. ट्रान्सफॉर्मर जळतो, आगही लागू शकते.

अनेकदा दोष फिल्टर कपॅसिटरमध्ये असतो. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने त्याच्या आतला वीजरोधक थर निकामी होतो. जाणकार मेकॅनिक आधी १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडतो. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे. मग प्लग काढून, साठलेली वीज रेझिस्टरमधून उतरवून, एकेक भाग सुटा करत मल्टिमीटरने तपासतो.

खरा धोका इथेच आहे. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये २५० ते ३०० व्होल्ट काही काळ टिकू शकतात. एका हातातून दुसऱ्या हाताकडे जाणारी वीज छातीतून जाते. १०० मिलिअँपिअरनेही हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून जुने मेकॅनिक एक हात खिशात ठेवतात.

कोणी चिकटलेच, तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा आणि १०८ ला फोन करावा. श्वास थांबला असेल, तर लगेच छातीवर दाब द्यावा. शुद्ध हरपली, छातीत दुखले किंवा धडधडले, तर नंतर बरे वाटले तरी ईसीजी काढावा.