दर्शन आणि पडदा

मंडळी, माहूरला येऊन डिजिटल माध्यमांवर काय बोलणार, असं मला एकानं विचारलं. मी म्हणालो, इथंच बोललं पाहिजे. या गडावर लोक पिढ्यान् पिढ्या दर्शनाला येतात. आणि आपली बघण्याची रीतच मोबाईलनं बदलली आहे.

'दर्शन' शब्दाचे दोन अर्थ बघा. देवळात घेतो ते दर्शन; आणि न्याय, सांख्य, वेदान्त हीसुद्धा दर्शनंच. दोन्हीकडे नुसतं डोळ्यांना दिसून भागत नाही, मन तिथं असावं लागतं.

देवाची प्रतिमा घरी येणं काही नवं नाही. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला आणि देवांची रंगीत चित्रं घरोघरी भिंतीवर लागली. देवळात ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांच्याही घरी लक्ष्मी-सरस्वती आल्या. हे माध्यमाचं मोठंच काम. पुढे वॉल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंतानं मांडलं, की यंत्रानं प्रती निघू लागल्या की मूळ कलाकृतीभोवतीचं वलय ओसरतं. पण रेणुकामातेचे फोटो घराघरांत असूनही नवरात्रात गडावर रीघ लागतेच. म्हणजे प्रत निघाल्यानं मूळ संपत नाही. मग हरवतं काय?

२०२० ची गोष्ट सांगतो. करोनामुळं राज्यातली देवळं बंद होती. १७ ऑक्टोबरला घट बसले, तरी दारं उघडली नव्हती; ती उघडली पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. माझ्या थोरल्या अक्काचे गुडघे गेलेले. भाच्यानं तिच्यापुढं मोबाईलवर आरती लावली. अक्कानं हातपाय धुतले, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. आरती संपली अन् लगेच साबणाची जाहिरात लागली. डोळे मिटलेल्या अक्काचे हात तसेच जोडलेले!

आम्ही हसलो. पण मला नंतर वाटलं, अक्काचं दर्शन खोटं नव्हतं. मन तिनं आणलं होतं. खोट होती ती पुढच्या क्षणात. गडावर दर्शन झालं की आपण पायरीवर टेकतो, तांबूल खातो, गप्प बसतो. बघितलेलं मनात मुरायला तेवढा वेळ लागतो. मोबाईल नेमका तोच वेळ काढून घेतो. आरती असो, बातमी असो, कुणाच्या मरणाचा निरोप असो, त्यामागून काय बघायचं हे दुसराच कुणीतरी ठरवतो, कारण आपलं लक्ष हाच त्याचा माल आहे.

म्हणून मोबाईल फेकून द्या असं मी म्हणणार नाही. अक्कासारख्यांचा तो आधार आहे. एवढंच करा, की मन हलवणारं काही बघितलंत, तर फोन पालथा ठेवा आणि दोन मिनिटं तसेच बसा. गडाची पायरी घरातच मिळेल.