भाव कळला, पुढे काय?

गावात इंटरनेटची वेगवान जोडणी आली म्हणजे गावाची मिळकत वाढते का? हा प्रश्न आपण सोयाबीनच्या पोत्यापाशी बसून तपासू. लातूर-नांदेडच्या मुलांना हे पीक समजावून सांगावे लागत नाही.

ऑक्टोबरात रास होते, दिवाळी तोंडावर असते. शेतकरी टेम्पो भाड्याने करून माल बाजार समितीत नेतो. भाव तिथे गेल्यावर कळला आणि कमी निघाला, तर माल परत नेण्याचे भाडे पुन्हा अंगावर पडते. म्हणून मिळेल त्या भावात तो माल देऊन टाकतो. खरेदीदारालाही हे पक्के ठाऊक असते.

आपल्यासारखेच सोयाबीन पिकवणाऱ्या मध्य प्रदेशात २००० सालापासून आयटीसी कंपनीने ‘ई-चौपाल’ ही केंद्रे उघडली. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी इंटरनेटला जोडलेला संगणक असे. मंडीतले भाव घरबसल्या कळत, शिवाय कंपनी स्वतःही माल घेई. अपराजिता गोयल यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की या केंद्रांमुळे मंडीतलाच भाव १ ते ३ टक्क्यांनी वाढला. समजा भाव क्विंटलला ४,००० रुपये आणि माल १० क्विंटल. तर फरक ४०० ते १,२०० रुपयांचा. रक्कम थोडी खरी, पण ती संगणकाला कधी हात न लावलेल्यालाही मिळू शकते!

मात्र येथे दोन गोष्टी एकदम घडल्या. माहिती मिळाली, आणि दुसरे गिऱ्हाईकही मिळाले. आमच्या मते ही दुसरी गोष्ट नेहमी विसरली जाते. लातूरचा भाव औशात कळला तर शेतकरी सकाळी निघून दुपारी परत येईल. तोच भाव नांदेडच्या दुसऱ्या टोकाला, किनवटला कळला तर? टेम्पोचे भाडेच फायदा खाऊन टाकील. आणि ज्याला दिवाळीपूर्वी उधारी फेडायची आहे, त्याला पुढच्या महिन्यात भाव चढेल हे कळूनही थांबता येत नाही.

२०११ साली मंजूर झालेली, पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागलेली योजना ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्यासाठी आहे. पण नुसता भाव कळायला मोबाईलवरचा एक संदेशही पुरतो. दूरच्या व्यापाऱ्याने माल न पाहता बोली लावायची असेल, तर मालाची प्रत कळली पाहिजे. २०१६ साली सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय बाजारात त्यासाठीच मालाचा नमुना तपासण्याची सोय ठेवली आहे. ओलावा मोजायचे यंत्र नसेल, तर फायबर कितीही वेगवान असो, बोली लावणारा बिचकणारच.

ओलाव्याचा हिशेब वर्गात करून पाहा. १०० किलो सोयाबीनमध्ये १४ टक्के ओलावा आहे. वाळवून तो १२ टक्क्यांवर आणला, तर वजन किती भरेल? बहुतेक मुले ९८ म्हणतील. कोरडा भाग ८६ किलो. तो नव्या वजनाच्या ८८ टक्के. म्हणजे उत्तर सुमारे ९७.७ किलो.