पाद्री रस्त्यावर उतरले तेव्हा

मे १९९२. बॉस्टनच्या मॅटापॅन भागातलं मॉर्निंग स्टार बॅप्टिस्ट चर्च. गोळीबारात गेलेल्या तरुणाचा अंत्यविधी चालू असताना टोळीतली पोरं आत घुसली आणि तिथे आलेल्या एकाला त्यांनी भोसकलं. देवाच्या दारीही अभय नाही म्हटल्यावर कृष्णवर्णीय पाद्रीच बाहेर पडले. ‘टेन पॉइंट कोअलिशन’ ही त्यांची आघाडी उभी राहिली. शुक्रवारी मध्यरात्र उलटेपर्यंत शहरातल्याच डॉर्चेस्टर भागाच्या गल्ल्यांतून फिरायचं, पोरांचं ऐकायचं. प्रवचन नाही (पाद्र्यांना हेच जड गेलं असणार!). १९९६पासून टोळ्यांचा गोळीबार रोखण्यासाठीच्या पोलिसांच्या ‘ऑपरेशन सीझफायर’ मोहिमेलाही त्यांची साथ मिळाली. शहरात १९९०मध्ये १५२ खून झाले होते, १९९९मध्ये ३१. श्रेय पाद्र्यांचं किती नि पोलिसांचं किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.